कांद्याच्या चित्राची जागा

लुगडं वाळत घालायची दोरी जागेवर नव्हती. बायडाबाईंनी ओलं लुगडं ट्रॅक्टरच्या बॉनेटवर पसरलं आणि त्या तरातरा शेडकडे निघाल्या. दोरी कुठे असणार हे त्यांना ठाऊक होतं.

द्राक्षांचा हंगाम उरकल्यापासून शेडमध्ये माल नव्हता, विमान होतं. रिकामी कॅरेटं पालथी घालून दोन रांगा केलेल्या, मधून चालायला वाट. प्रत्येक कॅरेटवर खोक्याच्या पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवलेला आणि त्यावर एकेक चित्र: टोमॅटो, मिरची, वांगं, द्राक्षाचा घड, कांदा. थोरल्या सुनेनं, उज्वलानं, आपल्या जुन्या साडीचे काठ फाडून सगळ्या जागांना पट्टे बांधले होते. दोरी दाराशी आडवी ताणलेली होती. तिच्यामागे शेजारची चार-सहा पोरं रांग लावून उभी होती आणि पुढे, गोरक्षची टोपी कानांवर उतरलेली, बायडाबाईंची नात सृष्टी.

"आजी, रांगेत ये. मध्ये घुसायचं नाही."

"मला नाय बसायचं तुझ्या इमानात. मला माझी दोरी पायजे."

"आधी नाव सांग. पूर्ण."

"बायडाबाई."

"पूर्ण सांगायचं, आजी. नवऱ्याचं नाव, आडनाव."

पोरं हसायला लागली. बायडाबाईंनी नवऱ्याचं नाव तो असतानाही कधी घेतलं नव्हतं. आता या एवढ्याशा पोरीपुढे घ्यायचं?

"गोरक्षाची आई म्हणून लिही."

"असं चालत नाही," सृष्टी म्हणाली, पण तिनं दोरी वर केली. "बरं, ये. जवळ काय आहे ते सगळं परातीत काढ."

बायडाबाईंनी कमरेची चंची सोडली. सुपारी, कात, चुन्याची डबी आणि अडकित्ता परातीत पडला. सृष्टीनं अडकित्ता दोन बोटांनी उचलला.

"हे जाणार नाही."

"का गं भवाने?"

"धार आहे याला. पोलीस काका काढून घेतात."

"माझ्या सासूचा हाय तो! कोन काढून घेतो बघतेच मी!"

"आई, तो मोठ्या बॅगेत टाकायचा असतो," उज्वला खोक्यामागून हसत म्हणाली. "मोठी बॅग विमानाच्या पोटात जाते. हातातल्या पिशवीत असलं काही ठेवायचं नाही."

दोन्ही तोंडं उघडी केलेलं एक लांब खोकं बाकावर ठेवलेलं होतं. सृष्टीनं चंची त्याच्या तोंडाशी धरली. आजीचा चेहरा पाहून तिचा आवाज एकदम मऊ झाला.

"घाबरू नको. ही इकडून आत जाते आणि तिकडून बाहेर येते. तू पळत तिकडे जाऊन उभी राहा. हां, जा."

बायडाबाई दोरी मागायला आल्या होत्या. पण त्या वळसा घालून खोक्याच्या पलीकडे गेल्या, हात पुढे करून उभ्या राहिल्या, आणि चंची खरंच घसरत त्यांच्या हातात आली.

"आली?" सृष्टीनं विचारलं.

"आली बाई," बायडाबाई म्हणाल्या.

*

सृष्टीचा बाप योगेश चहाचा कप घेऊन शेडच्या दारात उभा होता. तो आदल्या दिवशीच बंगळूरहून आला होता. हीच का ती पोरगी, असं त्याला वाटत होतं.

दिवाळीतल्या त्या दिवसाचा विषय घरात कोणी काढत नसे. योगेश तिला बंगळूरला न्यायला निघाला होता, आणि ओझरच्या विमानतळावर तपासणीच्या वेळी सृष्टीच्या हातातली बाहुली घेऊन मशीनच्या पट्ट्यावर ठेवली गेली. उज्वलानं आपल्या साडीच्या कापडाची शिवलेली ती बाहुली. काळ्या तोंडात बाहुली गेली आणि पोरीनं श्वासच धरला. ओठ निळे पडले, मग उलटी झाली, मग रडणं. उज्वला काचेबाहेर होती. शेवटी विमान गेलं आणि बापलेक परत सायखेड्याला आले. त्यानंतर ओझरची विमानं गावावरून गेली तरी सृष्टी खाटेखाली शिरायची.

मुळात तिला इथे ठेवलं होतं दोन महिन्यांसाठी. धाकट्याच्या वेळी डॉक्टरांनी योगेशच्या बायकोला, रोशनीला, अंथरुणातून उठायचं नाही असं बजावलं होतं, तेव्हा दीड वर्षाची सृष्टी मोठ्या आईकडे, म्हणजे उज्वलाकडे, आली. धाकटा नाजूक निघाला. दवाखाने सुरू झाले, महिने लांबत गेले. आता तो चांगला चालता-बोलता झाला होता आणि सृष्टी शाळेच्या वयाची झाली होती. रोशनी रोज व्हिडिओ कॉल करायची. सृष्टी तिच्याशी गोड बोलायची, जसं पाहुण्यांशी बोलतात तसं.

हा खेळ अंजलीचा. ती योगेशची मोठी बहीण. पंचवटीत तिची बालवाडी होती. संक्रांतीला आली तेव्हा तिनं उज्वलाला सांगितलं होतं, "वहिनी, तिला विमान समजावून सांगू नका. तिला ते खेळू द्या." पहिल्या दिवशी खोक्यातून कांदा गेला. मग चप्पल. मग गोरक्षची टोपी. बाहुली जायला बरेच दिवस लागले, आणि ती सृष्टीनं स्वतःच्या हातानं घातली. आता ती प्रवासी मोजायची, चित्र बघून ज्याला त्याला जागेवर बसवायची, अनोळखी माणसाला खणखणीत नाव सांगायची. वरून विमान गेलं तर अंगणात धावत जाऊन ते चढतंय की उतरतंय हे सांगायची. योगेशनं पाठवलेला विमानतळाचा व्हिडिओ तिला पाठ झाला होता. त्यातला एक माणूस जमिनीवर उभा राहून दोन लाल काठ्यांनी विमानाला वाट दाखवायचा. तेवढं एक काम मात्र कोणी पोर घेत नसे, कारण काठ्यावाल्याला विमानात बसायला मिळत नाही.

अंजली स्कूटरवरून आली ती तशीच शेडमध्ये शिरली. हेल्मेट काखेत धरून तिनं एक फेरी सुरुवातीपासून पाहिली. सृष्टी द्राक्षाच्या जागेवर बसली, तिनं पट्टा बांधला. उज्वला तिच्या शेजारी कांद्यावर बसली. सृष्टीनं सवयीनं तिचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. सगळ्यात पुढे पालथ्या ड्रमवर उज्वलाचा नवरा गोरक्ष, हातात पातेल्याचं झाकण.

"चला, सुटली! चांदोरी, निफाड, बंगळूर! मागं सरका, मागं सरका!"

"काका, ही यष्टी नाही!" पोरं ओरडली.

विमान उडालं, उतरलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अंजलीनंही वाजवल्या. मग ती उज्वलाजवळ आली.

"वहिनी, तुम्ही रोज तिथंच बसता?"

"हो. पहिल्या दिवशी एकटी बसेना, म्हणून मी बसले. मग तीच जागा झाली माझी."

"आणि परवा, मंगळवारी, त्या जागेवर कोण बसणार?"

उत्तर सृष्टीनं दिलं. तिला त्यात विचार करण्यासारखं काही वाटलं नाही.

"मोठी आईच. कांदा तिचाच आहे."

योगेशच्या हातातला चहा केव्हाच गार झाला होता.

*

सगळे जेवायला बसले. सृष्टी लवकर जेवून बाहुलीला घेऊन आतल्या खोलीत गेली, तेव्हा अंजलीनं जेवता जेवता हात थांबवला.

"चूक माझी आहे. मी फोनवर सगळं विचारलं, हे एवढं विचारलं नाही. खेळात पोरं जे शिकतात ना, ते पक्कं शिकतात. मग ते बरोबर असो नाहीतर चुकीचं."

"मग ऱ्हाऊ द्या ना तिला," बायडाबाई म्हणाल्या. "देवानंच उत्तर दिलं. हितं काय शाळा नाय का? उज्वलानं तिला हातावर वाढवली. तिच्या पोटी नाय आलं, पन मांडीवर आलं. ते बी उचलून न्यायला निघालात."

"आई, तिची आई आहे तिकडे," योगेश म्हणाला. "भाऊ आहे. तो फोटो दाखवून विचारतो, ताई कधी येणार."

"मग त्यांना हिकडं आन."

"माझी नोकरी काय गोदावरीच्या काठावर आहे का?"

"ओरडू नकोस," अंजली म्हणाली. "आईवर ओरडून पोर विमानात बसणार नाही."

योगेशनं आवाज खाली आणला. मग उज्वलाकडे न बघता म्हणाला, "वहिनी, तुम्हीही चला ना. महिनाभर राहा. ती रुळली की या परत."

उज्वला आमरसाचं भांडं झाकत होती. "आणि परत येताना, भाऊजी? तिकडे मला तिला टाकून यावं लागेल. त्यापेक्षा तिनं मला टाकून जाऊ दे."

हे ऐकून बायडाबाईंनी कपाळाला हात लावला. गोरक्ष इतका वेळ भाकरी कुस्करत होता. तो म्हणाला, "वेल बांबूवर चढवायला सुतळी बांधतोच आपण. पन वेल तारेवर गेला की ती कापावी लागती. ऱ्हायली तर खोडात रुतती."

"म्हणजे मी सुतळी झाले का आता?" उज्वला म्हणाली.

"तसं नाय गं..."

"राहू दे. तुम्ही तुमचं इमान चालवा. आणि जरा विमानासारखं चालवा, मागं सरका मागं सरका काय?"

अंजलीला हसू आलं, मग सगळ्यांनाच आलं. हसणं ओसरल्यावर योगेशनं हात धुतले आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "आज दुपारी एकदा खेळू. कांद्यावर मी बसेन. वहिनीशिवाय सृष्टी बसली, तर मंगळवारी आम्ही दोघं निघतो. नाही बसली, तर मी एकटा जातो, आणि जूनमध्ये तिचं नाव इथल्या शाळेत घालू. मग वर्षभर मी हा विषय काढणार नाही. रोशनीला मी सांगेन काय सांगायचं ते."

"शब्द हाय का तुझा?" बायडाबाईंनी विचारलं.

"आहे."

"खेळायचं तर लवकर आटपा," गोरक्ष म्हणाला. "कॅरेटं शेजारच्याला दिलीत मी. पाचला टेम्पो यायचाय."

*

उज्वला मोरीत भांडी घासत होती. बायडाबाई पाठीमागे येऊन उभ्या राहिल्या. सुनेची भांडी विसळून द्यायची त्यांची पद्धत नव्हती, पण आज त्यांनी खाली बसून ताटं विसळायला घेतली.

"ऐक माझं," त्या हळूच म्हणाल्या. "तुला काय करायचं नाय. काय बोलायचं बी नाय. दारात उभी ऱ्हा आन पोरीनं मागं बघितलं की नुसता डोळ्याला पदर लाव. बास. उठून येती का नाय बघ."

उज्वला राखेनं कढई घासत राहिली.

"कोन तुला नाव ठेवनार नाय. डोळ्याला पानी यायला काय कुनाची परवानगी लागती? मी आजवर तुझ्याकडं काय मागितलं? हे बी माझ्यासाठी नाय मागत. तुझ्यासाठी मागती."

ते खरं होतं. लग्नानंतर पाळणा हलेना तेव्हा गावातल्या बायका काय काय बोलल्या होत्या, आणि या सासूनं त्यातल्या एकीलाही उंबरा ओलांडू दिला नव्हता. उज्वला ते विसरली नव्हती. पदर लावायचा. इतकं सोपं होतं ते. आणि खोटंही नसतं झालं. सकाळपासून तिचे डोळे भरून येत होते, ती त्यांना अडवत होती. फक्त अडवायचं थांबवायचं होतं.

"मोठी आई!" शेडमधून हाक आली. "चल ना, विमान सुटेल!"

उज्वलानं हात धुतले. पदराला पुसले. पदराकडे एकदा बघितलं आणि तो कमरेला खोचला.

*

या फेरीला दोरीशी अंजली उभी राहिली. सृष्टी आता प्रवासी होती. तिनं पूर्ण नाव सांगितलं, पिशवी परातीत ठेवली, बाहुलीची पापी घेतली आणि तिला खोक्यात सोडलं. पळत पलीकडे जाऊन उचलून घेतलं. योगेशनं घड्याळ, पाकीट, पट्टा काढला. पट्टा काढल्यावर पँट धरून चालावं लागलं म्हणून पोरं खिदळली.

सृष्टी द्राक्षावर बसली. योगेश कांद्यावर बसला.

"पप्पा, ही जागा मोठी आईची आहे."

"आज माझी आहे, बाळा. हे बघ तिकीट. कांदा."

सृष्टीनं तिकिटावरचं चित्र नीट पाहिलं. कांदाच होता. नियमाप्रमाणे तिला काही बोलता येईना. तिनं मागे वळून दारात उभ्या असलेल्या उज्वलाकडे पाहिलं. मग पट्टा सोडला, बाहुली काखेत मारली आणि मधल्या वाटेनं चालत उज्वलासमोर येऊन उभी राहिली. गोरक्षनं झाकण मांडीवर ठेवलं. बायडाबाई शेडच्या पुढच्या, उघड्या बाजूच्या खांबाला टेकून सुनेच्या हाताकडे बघत होत्या.

"मोठी आई, तुझं तिकीट कुठं आहे?"

"माझ्याकडे तिकीट नाही गं."

"मग काढ."

"नाही मिळणार."

सृष्टीचा खालचा ओठ पुढे आला. उज्वलाचा हात कमरेकडे गेला, पदराच्या खोचलेल्या टोकापाशी थांबला. तिनं खाली पाहिलं. भिंतीशी मांडवातल्या बांबूचे तुकडे पडले होते. ती वाकली आणि त्यातले दोन उचलले.

"सृष्टी, त्या व्हिडिओतला काठ्यावाला माणूस. त्याचं काम आज कोणाकडे आहे?"

सृष्टीनं विमानात बसलेल्या पोरांकडे पाहिलं. कोणी हात वर केला नाही.

"कोणाकडेच नाही."

"तो नसला तर विमान निघतं का?"

"नाही निघत. पायलटला खालचं दिसत नाही ना."

"मग कोणीतरी खाली राहायलाच पाहिजे की."

सृष्टीनं तिच्या हातातल्या बांबूंकडे पाहिलं. हे तिनं आजवर शंभरदा पाहिलं होतं, पण त्या माणसाचा असा विचार कधी केला नव्हता.

"तुला येतं का ते?"

"नाही. तू शिकव."

"अशी सरळ उभी राहा. इथं नाही, पुढं बाहेर, उजेडात. पायलटकाकाला दिसली पाहिजेस. काठ्या अशा धर." तिनं बाहुली उज्वलाच्या काखेत दिली, बांबू स्वतःच्या हातात घेतले आणि करून दाखवलं. "आम्ही बसलो की दोन्ही वर. मग असं असं हलवायचं. आणि मध्येच खाली नाही करायचे हात. केलेस तर विमान थांबतं. कळलं?"

"कळलं."

"परत करून दाखव."

उज्वलानं करून दाखवलं. सृष्टीनं तिचा एक कोपर थोडा वर केला, समाधान झाल्यावर बाहुली परत घेतली आणि पळत जाऊन आपल्या जागेवर बसली.

"पप्पा, पट्टा लावला नाही तू."

"सांग ना कसा लावायचा."

"अरे, इकडून. दे इकडे." तिनं बापाच्या पोटावर साडीच्या काठाची गाठ मारली. काम झाल्यावर तिचा हात तिथेच त्याच्या मांडीवर राहिला.

शेडबाहेर, त्या उघड्या बाजूसमोर, उन्हात, उज्वलानं दोन्ही हात वर केले. गोरक्षनं झाकण फिरवलं. या वेळी त्यानं ना चांदोरी म्हटलं ना निफाड. तोंडानं घरघर सुरू केली, पोरांनी ती उचलली, सगळी शेड घुमायला लागली. बांबू हलत राहिले. उज्वलाच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, पण पुसायचं कशानं? दोन्ही हात कामात होते. उन्हाकडे पाठ होती म्हणून आतल्या लोकांना तिचा चेहरा दिसत नव्हता. खांबाजवळच्या बायडाबाईंना मात्र दिसत होता. पदर कमरेलाच होता.

बऱ्याच वेळानं आतून आवाज आला, "मोठी आई, हात खाली घे आता! आम्ही पोचलो!"

*

टेम्पोचा हॉर्न वाजला तेव्हा पोरं पांगली होती. योगेश आणि सृष्टी अजून जागेवरच होते. ती त्याला खिडकीतून काय काय दिसतंय ते सांगत होती. ढग, नदी, धरण, बंगळूरची आई. बांबू भिंतीशी उभे करून उज्वला घागरीवरच्या तांब्यानं पाणी पीत होती.

शेतावरची भागीबाई झाडू घेऊन आली. "दादा, कॅरेटं उचलू का? झाडून घेते म्हंजी जागा मोकळी व्हईल."

"घे," गोरक्ष म्हणाला.

"भागीबाई, ठेव तो झाडू," बायडाबाई म्हणाल्या.

"का वो आजी?"

"का काय? मानूस घरातून बाहेर पडलं की लगीच केर काढत्यात का? तुझ्या आईनं शिकवलं नाय का तुला?"

भागीबाईनं इकडे तिकडे पाहिलं. सगळे होते तिथेच होते. "कोन गेलं?"

"माझी नात गेली. बंगळूरला." बायडाबाईंनी नाक ओढलं आणि मुलाकडे वळल्या. "गोरक्षा, त्या टेम्पोवाल्याला म्हनावं बुधवारी ये. तवर कॅरेटाला हात लावायचा नाय."

गोरक्षनं आईकडे पाहिलं, मग टोपी घालून टेम्पोकडे गेला. योगेश जागेवरून उठू लागला, पण पोटाची गाठ त्याला सुटेना. उज्वलानं तांब्या हळूच खाली ठेवला.

"आजी!" सृष्टी कॅरेटवर उभी राहून हसत ओरडली. "अगं मी इथंच आहे! हे काय!"

बायडाबाईंनी कमरेची चंची काढली, अडकित्ता शोधला आणि सुपारी कातरायला घेतली.

"मोठ्यानं बोल गं बाई," त्या म्हणाल्या. "इतक्या लांबून मला ऐकू येत नाय."